पाटण तालुक्यात बिऱ्हाड हलवताना : रानाकाठच्या गावी येणाऱ्या कुटुंबांसाठी

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात कुटुंबासह राहायला येणारे साधारण तीन प्रकारचे असतात. बदलीवर येणारे शिक्षक, बँकेतले, महावितरण आणि पाटबंधारे खात्यातले. मुंबईत माथाडी कामात किंवा गिरणीत उमेदीची वर्षं घालवून गावच्या घरी परतणारे. आणि घरून काम करता येतं म्हणून रानाच्या ओढीनं येणारे. या शेवटच्या मंडळींच्या कानावर "तिकडं शिकारीचं रान चांगलं आहे" हेही कुणीतरी घातलेलं असतं. त्याचं सविस्तर उत्तर सातव्या मुद्द्यात आहे. बंदूक, गलोल किंवा शिकारी कुत्री घेऊन येण्याचा विचार असेल तर तो मुद्दा आधी वाचा.

सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात, चांदोलीच्या बाजूला जाणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. कार्यालयं आणि रस्ते तेवढे वेगळे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. घर किंवा जमीन विकत घेण्याआधी एक पूर्ण पावसाळा भाड्यानं राहा. डिसेंबरात बघितलेलं घर आणि जुलैत त्याच घरात राहणं यात फार अंतर आहे.

१. आधी गाव ठरवा, मग घर

"पाटण" म्हटलं तरी तालुक्यात पाच-सहा वेगवेगळे मुलूख आहेत. पाटण शहर कोयना आणि केरा नद्यांच्या संगमावर आहे. तहसील, ग्रामीण रुग्णालय, बँका, एसटी स्टँड, बाजारपेठ सगळं तिथंच, आणि कराड साधारण ४० किलोमीटरवर. उंब्रजकडून येताना लागणारं मल्हारपेठ, तारळी नदीकाठचं तारळे, वांग खोऱ्यातलं ढेबेवाडी ही बाजाराची गावं आहेत. त्यांचा राबता पाटणइतकाच कराड-उंब्रजशी असतो. मोरगिरी, हेळवाक, कोयनानगर ही पश्चिमेची गावं रानाला आणि पावसाला जवळची.

जसजसं पश्चिमेला जाल तसतसा पाऊस झपाट्यानं वाढतो. कोयनानगर-नवजा पट्ट्यात एका हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि पूर्वेच्या माण तालुक्यात वर्षाला पाचशेही मुश्किलीनं होतो. जिल्हा एकच, पण एका ठिकाणी तीन महिने ओलं लाकूड पेटवत बसायचं आणि दुसऱ्या ठिकाणी टँकरची वाट बघायची. लहान मूल, दम्याचा माणूस किंवा गुडघे धरलेले आई-वडील सोबत असतील तर पहिल्या वर्षी पाटण शहर, मल्हारपेठ किंवा ढेबेवाडी यांपैकीच निवडा.

गाव पसंत पडलं की तीन अंतरं मोजा, तेही किलोमीटरमध्ये न मोजता मिनिटांत : डॉक्टरपर्यंत किती, शाळेपर्यंत किती, आणि रात्री दहानंतर गाडी मिळायला किती. वरच्या पठारावरच्या वाड्यांवर शेवटची एसटी कधी येते आणि पावसात ती बंद असते का, हे वाडीतल्या बायांना विचारा. बाजार आणि दवाखाना त्यांनाच सांभाळावा लागतो, त्यामुळं नेमकं उत्तर त्याच देतात.

डोंगरउताराच्या पायथ्याशी घर घेताना जुलै २०२१ लक्षात ठेवा. त्या अतिवृष्टीत याच तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळून माणसं गेली. घराच्या मागच्या उतारावर नव्या भेगा, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा किंवा डोंगर कापून नुकतंच काढलेलं सपाट दिसलं, तर भाडं कितीही कमी असो, ते घर सोडून द्या.

२. हलायचा महिना : एप्रिलअखेर ते २५ मे

मृग निघण्याआधी घर लागलेलं असलं पाहिजे. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, पण वळीव मे महिन्यातच हजेरी लावतो. संध्याकाळी चारला भरलेला ट्रक गावात पोचला आणि वळीव आला, की गाद्या पहिल्याच दिवशी भिजतात. म्हणून ट्रक रात्री भरा आणि सकाळी आठपर्यंत दारात आणा. कोकणातून कुंभार्ली घाटानं येणार असाल तर दिवसाउजेडीच घाट चढा.

ट्रक ठरवण्याआधी गल्लीची रुंदी बघा. जुन्या पेठांत आणि वाड्यांच्या बोळांत १४ फुटी आयशर वळत नाही. मग अर्ध्या किलोमीटरवर सामान उतरवून छोट्या हत्तीनं (लहान टेम्पोनं) दोन-तीन खेपा कराव्या लागतात आणि हमाली दुप्पट होते.

काय आणू नये, हे जास्त महत्त्वाचं. भुश्श्याच्या बोर्डाचं फर्निचर (पार्टिकल बोर्ड, एमडीएफ) इथं एका पावसाळ्यात तळाकडून फुगतं आणि बिजागऱ्यांचे स्क्रू सुटतात. कापसाच्या जाड गाद्यांना ऑगस्टपर्यंत बुरशी धरते. लोखंडी कपाट, सागवानी किंवा प्लॅस्टिकचं सामान, फोमच्या पातळ गाद्या आणि झाकणाच्या पत्र्याच्या पेट्या आणा. पुस्तकं आणि कागदपत्रं पेटीत ठेवा, तळाला कडुलिंबाचा पाला, आणि पेटी भिंतीपासून चार बोटं दूर.

३. घर बघताना : पावसाच्या नजरेनं

घरमालक मार्चमध्ये घर दाखवतो तेव्हा सगळं कोरडं असतं. तरी पावसाच्या खुणा राहिलेल्या असतात, त्या शोधा.

भिंती : आतून भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर पोपडे निघालेले किंवा मिठासारखा पांढरा थर असेल तर ओल जमिनीतून वर चढते आहे. नुसता रंग दिल्यानं ती थांबत नाही. डाग वरून खाली ओघळलेला असेल तर गळती छताची आहे आणि ती दुरुस्त होऊ शकते. पश्चिमेची भिंत वेगळी तपासा. झड त्याच बाजूनं लागते. जाणत्या घरांत त्या भिंतीला बाहेरून पत्रा ठोकलेला असतो. तो नसेल तर करारात लिहून घ्या की पत्रा किंवा जाड ताडपत्री मालक मेअखेर लावून देईल.

छत : पत्र्याचं असेल तर पत्रा नवा आहे की जुना हे बघण्याआधी हुकांचे वायसर बघा. पत्रा सहसा हुकाच्या भोकातूनच गळतो, कारण उन्हानं रबरी वायसर तडकतो. शिडी लावून हातानं दाबून बघा. कडक होऊन चुरा होत असेल तर सगळे बदलायला सांगा, खर्च फार नसतो. कौलारू घर असेल तर शाकारणी (कौलं पुन्हा नीट बसवणं) कधी झाली ते विचारा. वानरांची टोळी एकदा छतावरून गेली की दहा-वीस कौलं सरकतात, त्यामुळं शाकारणी दरवर्षी लागते. २०-२५ जादा मंगलोरी कौलं मालकाकडून घेऊन परड्यात रचून ठेवा. वळचण, म्हणजे छताची पुढं आलेली कड, भिंतीपासून निदान अडीच फूट बाहेर असावी.

संडास : पावसाळ्यात जमीन पाणी पीत नाही, शोषखड्डा भरतो आणि संडासातलं पाणी उतरत नाही. मालक हे स्वतःहून सांगत नाही. शेजाऱ्याला विचारा : "जुलैत टाकी तुंबते का?" विहीर किंवा आड असेल तर शोषखड्ड्यापासून निदान १५ मीटर लांब हवा, आणि चढावर हवा.

पुराची रेघ : नदीकाठच्या घरांत २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते प्रत्येक शेजाऱ्याला माहीत असतं. खांबावर किंवा भिंतीवर रेघ दाखवतात. ओटा त्या रेघेच्या वर नसेल तर तळमजला घेऊ नका. पाटणजवळचा मूळगावचा पूल कोयनेला पाणी वाढलं की बुडतो. पलीकडच्या गावांत घर घेणार असाल तर त्या दिवसांत वळसा कुठून पडतो ते आधीच चालवून बघा.

भूकंप : ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला, आणि लहान धक्के आजही जाणवतात. बहुतेक वेळा भांडी वाजण्यापलीकडे काही होत नाही. तरी मातीत बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीचं पोट बाहेर आलेलं असेल, किंवा दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलेली असेल, तर ते घर नको. झोपायच्या जागी डोक्यावर जड फळी किंवा माळा ठेवू नका.

दाराखालची फट : एक बोटही फट नको. उंदीर आत येतो आणि त्याच्या मागं साप. रबराची पट्टी लावून घ्या, मोऱ्यांना जाळी बसवा.

रेंज : मोबाईल अंगणात लागतो आणि माजघरात लागत नाही. घरून काम असेल तर ज्या खोलीत बसणार तिथूनच अर्धा तास कॉल लावून बघा, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर.

४. भाडेकरार आणि कागदांचा क्रम

"अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?" हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून देण्याची जबाबदारी मालकाची आहे. पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलेला कागद बऱ्याच ठिकाणी पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही आणि मग सगळी साखळी अडकते. नोंदणी विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनवर घरी बसून करार नोंदवता येतो. एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आणि वर नोंदणी शुल्क, एवढाच खर्च. करारात पत्नीचं नावही सहभाडेकरू म्हणून घाला, पुढं तिच्या कागदांना उपयोगी पडतं.

करारात या चार गोष्टी नावानिशी असाव्यात : गळती कोण दुरुस्त करणार आणि किती दिवसांत, वीजमीटरचं त्या दिवसाचं रीडिंग, पाणीपट्टी कोणाकडे, आणि परड्यातल्या फणस-आंब्याचं उत्पन्न कोणाचं. शेवटची गोष्ट शहरातल्या माणसाला क्षुल्लक वाटते, पण मे महिन्यात भांडणं तिच्यावरूनच होतात.

कागद या क्रमानं करा :

• नोंदणीकृत करार.
• त्यावरून कुटुंबप्रमुखाचा आधारवरचा पत्ता. बाकीच्यांचे पत्ते कुटुंबप्रमुखाच्या आधारे बदलता येतात. नात्याचा पुरावा लागतो आणि प्रमुखाच्या मोबाईलवर संमती येते, म्हणून नंबर जोडलेला असू द्या.
• पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती.
• गॅस. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून ट्रान्सफर टर्मिनेशन व्हाउचर आणि अनामत परत घ्या. नव्या एजन्सीत चालू दरानं अनामत भरावी लागते. जुनं सबस्क्रिप्शन व्हाउचर हरवलं असेल तर एजन्सीत विचारून निघण्याआधी महिनाभर अर्ज करा.
• रेशनकार्ड. इथं घाई करू नका. जुन्या ठिकाणी नाव कमी करून घेतलं आणि नव्या तहसीलच्या पुरवठा शाखेत चढायला वेळ लागला, तर मधल्या काळात ना इकडचं धान्य ना तिकडचं. "एक देश एक रेशनकार्ड"मुळं जुन्याच कार्डावर इथल्या दुकानातून अंगठा लावून धान्य मिळतं. सहा महिने तसंच काढा, टिकायचं नक्की झालं की कार्ड हलवा.
• मतदार यादीसाठी नमुना ८.
• गाडी. राज्यातल्या राज्यात आलात तर नंबर तोच राहतो, पण पत्ता ३० दिवसांत कळवायचा असतो. काम कराडच्या परिवहन कार्यालयात, एमएच ५०. परराज्यातली गाडी असेल तर तिथून ना-हरकत दाखला घेऊनच निघा.

सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स आणि दहा फोटो जवळ ठेवा. तहसीलच्या बाहेर झेरॉक्स मिळते, पण वीज गेली की नाही.

५. शाळा

शाळा सोडल्याचा दाखला हातात घ्याच, शिवाय जुन्या शाळेला मुलाची ऑनलाइन नोंद नव्या शाळेकडे वर्ग करायला सांगा. कागद आला आणि ऑनलाइन नाव जुन्याच शाळेत राहिलं, की परीक्षेच्या अर्जाला आणि शिष्यवृत्तीला अडतं. परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्यातच आहे (२००९, कलम ५).

जिल्हा परिषदेच्या शाळा आणि रयत शिक्षण संस्थेची विद्यालयं हा इथला कणा. रयत १९१९ साली इथून जवळच, कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू झाली. सेमी-इंग्रजीचे वर्ग मिळतात. सीबीएसईच हवी असेल तर शोध कराडपर्यंत न्यावा लागेल, आणि रोजचा येण्याजाण्याचा दीड-दोन तासांचा प्रवास दहा वर्षांच्या मुलाला झेपतो का याचा विचार आधी करा.

नवोदयची आस असेल तर एक अट बारकाईनं बघा. सहावीच्या प्रवेशपरीक्षेला मूल पाचवीत ज्या जिल्ह्यात शिकतं त्याच जिल्ह्यातून बसता येतं, आणि ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली लागतात. पाचवीच्या मधेच मूल हलवलं तर संधी जाऊ शकते. शाळा नगरपंचायतीच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, यानंही फरक पडतो. प्रवेश घेतानाच मुख्याध्यापकांना विचारून घ्या. साताऱ्याच्या सैनिक शाळेत सहावी आणि नववीला प्रवेश असतात.

६. दवाखाना, साप आणि पाणी

ताप-खोकल्याला गावातले डॉक्टर आणि प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यापुढं पाटणचं ग्रामीण रुग्णालय, आणि मोठं काही असेल तर कराडचं उपजिल्हा रुग्णालय किंवा कराडजवळच्या मलकापूरचं कृष्णा रुग्णालय. गर्भवती सोबत असेल तर आठव्या महिन्यापासून तिची सोय कराडात किंवा पाटण शहरात करा, विशेषतः तारीख जुलै-ऑगस्टची असेल तर. रुग्णवाहिका १०८.

साप इथं रोजच्या जगण्यातला आहे, त्याला घाबरून चालत नाही आणि विसरूनही चालत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य विषारी. रानाकडं हिरवा चापडाही असतो. मण्यार रात्री अंथरुणात येते, तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखणं आणि पापण्या मिटत जाणं ही तिची खूण. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. झोपावंच लागलं तर मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा. जळण आणि शेणी भिंतीला लावून रचू नका. रात्री परसात जाताना बॅटरी आणि बूट.

चावलाच तर माणसाला चालवू नका. हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतात तसा फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, अंगठी-पैंजण काढा, आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणं नको. वेळ लिहून ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. या चार सापांवर प्रतिविष एकच आहे. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

पाणी : विहिरीचं किंवा झऱ्याचं असेल तर जून ते सप्टेंबर टीसीएल (ब्लिचिंग) पावडर वापरा. १,००० लिटरला ५ ग्रॅम. कोरडी पावडर टाकीत फेकायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात कालवा, चुना तळाला बसू द्या, वरचं निवळ टाकीत ओता आणि अर्ध्या तासानंतर पाणी घ्या. पावडरची पिशवी उघडी राहिली तर तिचा जोर उडतो, म्हणून घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. पिण्याचं पाणी तरीही उकळूनच.

७. शिकार : काय चालतं आणि काय चालत नाही

या रानाचं शिकारीचं नाव जुनं आहे. पारध, हाकारे, रात्रीच्या बॅटऱ्या यांच्या गोष्टी म्हातारी माणसं अजून रंगवून सांगतात. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे शिकार हा गुन्हा आहे, आणि कोयना अभयारण्य (१९८५), चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) आणि दोन्ही मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प (२०१०, सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर) यांमुळं इथं लक्षही जास्त असतं. रान अजून भरलेलं आहे ते यामुळंच, आणि तुम्ही ज्या रानासाठी येताय ते तुमच्या नातवंडांनाही दिसावं असं वाटत असेल तर हा मुद्दा मनापासून पाळा.

नवख्या माणसाचे घोटाळे इथं होतात :

वाटा घेणं. शेजारी आपुलकीनं डब्यात "रानातलं मटण" आणून देतो. रानडुक्कर, ससा, भेकर, साळिंदर, घोरपड, काहीही असो, मांस जवळ असणं हाही गुन्हाच. "माळकरी आहे" किंवा "डॉक्टरनं बंद केलंय" असं सांगून हात जोडा. नकाराचा राग कुणी धरत नाही.

सोबत जाणं. "नुसतं बघायला चला" म्हणून गाडी मागतात. कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. फासा, वाघूर (जाळं), विष, हाकारा, कुत्री सोडणं, असा प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. वापरलेली गाडीही जप्त होते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्याच्या अनुसूची एकमधल्या, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या, प्राण्याच्या शिकारीला निदान तीन ते सात वर्षं कैद. मोबाईलमधला फोटो हा पुरावा असतो, आलेला पुढं पाठवू नका.

छऱ्याची बंदूक. काही एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून तिनं तित्तर-होले मारता येतात असा समज आहे. मारता येत नाहीत.

परवान्याची बंदूक. घरात परवानाधारक शस्त्र असेल तर नव्या ठिकाणी आल्यावर ३० दिवसांत इथल्या आणि जुन्या, दोन्ही परवाना प्राधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. पीकसंरक्षणाचा परवाना शिकारीचा परवाना नव्हे. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेणं स्वतंत्र गुन्हा आहे. निवडणुकीत शस्त्र जमा करायला सांगितलं तर ठाण्यातून पावती घेऊनच द्या. वडिलांच्या नावची जुनी ठासणीची बंदूक माळ्यावर सापडली तर ती हाताळत बसू नका, ठाण्यात कळवून वारसाचा अर्ज करा.

मांडूळ आणि खवल्या मांजर. "एक जिवंत मिळालं तर लाखो रुपये" म्हणत कुणी आलं तर दारातूनच परतवा. नाग पकडून खेळवण्याचंही तेच. शिराळ्याची नागपंचमी प्रसिद्ध असली तरी परवानगीशिवाय जिवंत नाग पकडणं कायद्यात बसत नाही.

मग उरतं काय? भरपूर. वळवानंतर ओढ्यांना चढणीचे मासे येतात, रात्री खेकडे निघतात. वांब, मरळ, शिंगाळा ही इथली चव. अभयारण्यातले ओढे आणि कोयना धरणाचा शिवसागर जलाशय मात्र सोडून. गावतळी आणि लहान धरणं मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असतात, तिथं गळ टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारा. जिलेटिन, ब्लिचिंग किंवा विजेचा झटका देऊन मासे मारणाऱ्यांच्या जवळही उभे राहू नका. पोरांना रान दाखवायचं असेल तर वनविभागाची परवानगी घेऊन वाटाड्यासह जा. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसण्याचा कार्यक्रम असतो, त्याची नावनोंदणी आधी करावी लागते. मुलांनी एका रात्रीत गवे, सांबर, भेकर आपल्या डोळ्यांनी पाणी पिताना बघितले की त्यांना दुसरं काही मागावं लागत नाही.

८. दारात येणारं रान

बिबट्या पाटण-कराडच्या उसात राहतोच. शेळ्या-कोंबड्या वरून आणि बाजूनं बंद असलेल्या खुराड्यात ठेवा, कुत्रं रात्री आत घ्या, तिन्हीसांजेला लहान मुलांना परसात एकटं बसवू नका. ऊसतोडीत बछडी सापडली तर हात न लावता माणसं मागं घ्या आणि वनविभागाला कळवा. आई रात्री त्यांना घेऊन जाते. गवा रस्त्यात उभा असेल तर दिवे मंद करा, हॉर्न देऊ नका, थांबा.

वनविभागाची मदतवाहिनी १९२६. गुरं मारली गेली तर ४८ तासांत आणि पिकाची नासधूस झाली तर तीन दिवसांत कळवावं लागतं, नाहीतर भरपाई हातची जाते. मेलेलं जनावर पंचनाम्याआधी हलवू नका. इथं दोन कार्यालयं आहेत, प्रादेशिक आणि वन्यजीव. तुमच्या जमिनीचा गट कोणाच्या हद्दीत येतो ते आधी विचारून ठेवा, नाहीतर दोन दिवस या दारातून त्या दारात जातात. रानडुकराचा त्रास फारच असेल तर वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज हाच मार्ग. कुंपणात थेट वीज सोडणं मात्र कधीही नको. त्यानं डुकराआधी शेजारचा माणूस मरतो. झटका यंत्राचं सौर कुंपण चालतं, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदानही मिळतं.

९. पहिल्या पावसाळ्याची बेगमी

चार माणसांच्या घरासाठी मेअखेर एवढं घरात हवं : दोन भरलेले सिलिंडर, महिनाभराचं धान्य आणि डाळी, चालू औषधं पंधरा दिवसांची, ओआरएसची दहा पाकिटं, दोन चार्जिंगच्या बॅटऱ्या, १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर, छपराच्या मापाची ताडपत्री आणि नायलॉनची दोरी. जळण घेणार असाल तर मार्चमध्येच घ्या आणि पत्र्याखाली विटांवर रचा. जूनमध्ये विकत घेतलेलं लाकूड दिवाळीपर्यंत पेटत नाही. कपडे वाळवायला घरातच चुलीच्या वर बांबू टांगून घ्या, शाळेचे दोन गणवेश मुलाला पुरत नाहीत, तीन शिवा.

नदीकाठी असाल तर धरणाचे निरोप वाचायला शिका. "पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक" म्हणजे दोन जनित्रं चालू, त्यानं भीती नाही. "वक्र दरवाजे इतके फूट उचलले" हा निरोप आला की आकडा कसा चढतो त्यावर लक्ष ठेवा, गुरं आणि गाडी वर न्या, कागदांची पेटी माळ्यावर. वर धरणाच्या दारांतून येणारं आणि खाली केरेसारख्या नद्यांतून मिसळणारं, दोन्ही पाणी एकत्र येतं तेव्हाच पाटणच्या सखल भागात चढ होतो.

१०. जमीन घेणं सगळ्यात शेवटी

शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. महाराष्ट्रात कुठंही तुमच्या नावचा सातबारा असेल तर तो दाखला चालतो. नसेल तर "नंतर करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि जुने सगळे फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) काढा. सातबाऱ्यावर "वर्ग २" (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), इतर हक्कात "वन", "पुनर्वसनासाठी राखीव", कुळाचं किंवा बहिणींचं नाव असेल तर थांबा. कोयना आणि वारणेच्या प्रकल्पांमुळं या भागात अशा नोंदी बऱ्याच आहेत. अभयारण्याच्या जवळ असाल तर गाव व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये किंवा पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतं का ते बघा, घर बांधण्यावर त्याचे निर्बंध असतात. "निसर्गाच्या कुशीत दोन गुंठे" अशा जाहिरातींचे तुकडे बिनशेती झालेले नसतात. तुकडेबंदीत बागायत १० गुंठे आणि जिरायत २० गुंठे यांखालच्या शेतीच्या तुकड्याचा व्यवहार अडतो, आणि मग दहा जणांचा सामायिक सातबारा गळ्यात पडतो.

विसार देण्याआधी सरकारी मोजणी मागा, आणि मोजणीच्या दिवशी बांधावरचे चारही शेजारी हजर राहतील असं बघा. वाट कुठून आहे ते नकाशावर दाखवून घ्या, आणि ती वाट जुलैत एकदा स्वतः चालून बघा, पाण्यातून जावं लागतं का ते कळेल.